अवयवकाका

सामानाचा टेम्पो रिकामा होऊन तास झाला होता. शेगडी जोडायची राहिली होती, गादी दारातच आडवी पडली होती, आणि बेल वाजली. दारात सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे. लेंगा, बंडी, कानावर पेन्सिल. सुतार असावेत असं वाटून मी "उद्या या" म्हणणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"७०३ ना हे?"

"हो."

"विकत घेतलंत?"

"नाही, भाड्यानं."

"भाड्यानं!" त्यांनी चौकटीला हात टेकला. "आपण काय भाड्यानं दिलंय हे मालकाला तरी ठाऊक आहे का?"

आमची ही आतून धावत आली. नव्या जागेबद्दल कुणी असं बोललं की तिच्या डोळ्यांपुढे पंख्याला लटकलेला आधीचा भाडेकरू येतो. "काय झालंय हो या घरात?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. गृहस्थांनी उत्तर दिलं नाही. कानावरची पेन्सिल काढून ते आमच्या भांड्यांच्या खोक्यापाशी उकिडवे बसले आणि पुठ्ठ्यावर गुणाकार मांडला. ७०३ गुणिले ७०३, उत्तर ४९४२०९. मग त्या उत्तराच्या बरोबर मध्ये एक उभी रेघ मारली. डावीकडे ४९४, उजवीकडे २०९.

"करा बेरीज."

मी केली. ७०३ आली.

"तीनशेपासून नऊशे अठ्ठ्याण्णवपर्यंत अशी ही एकटीच," ते उठत म्हणाले. "कापरेकर संख्या. आपल्या देवळालीच्या मास्तरांची. आता जरा जपून राहा या घरात. भिंतीला खिळे वगैरे ठोकू नका." आणि ते समोरच्या ७०१मध्ये निघून गेले.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वापरत नाही. सगळी बिल्डिंग त्यांना अवयवकाका म्हणते. नाव पोरांनी ठेवलं, कारण पोरं लिफ्टमध्ये सापडली की काका त्यांच्या गणवेशावरचा हजेरी क्रमांक वाचून "अवयव सांग" म्हणून मागं लागतात. ४२चे दोन, तीन, सात. ४३चे नाहीत, ती मूळ संख्या, तिला शाबासकी. नव्या माणसाचा मात्र या नावानं गोंधळ होतो. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंना वाटलं, काका अवयवदानाचं काम करतात. त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "काका, माझ्या सासऱ्यांचं वय ८४ आहे. त्यांचे चालतील का?" काका म्हणाले, "८४? उत्तम! दोन, दोन, तीन, सात. भरपूर निघतात." बाई त्यानंतर महिनाभर सासऱ्यांना एकटं खाली सोडत नव्हत्या.

काका एका सहकारी बँकेत रोखपाल होते. बँकेत संख्यांची आवड असलेला माणूस म्हणजे बँकेचं भाग्य, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. रोखपालानं नोट किती रुपयांची ते बघायचं असतं. काका नोटेचा क्रमांक बघत. सहा आकडी क्रमांक मूळ आहे की नाही हे पक्कं करायचं तर हजाराच्या आतल्या एकेका मूळ संख्येनं भागून बघावं लागतं, आणि तशा १६८ आहेत. दोन, तीन, पाच, अकरा यांच्या कसोट्या नजरेनंच होतात, सातालाही फार वेळ लागत नाही. पण एखादी नोट शेवटपर्यंत दाद देत नाही, थेट ९९७पर्यंत नेते. तोवर खिडकीपुढची रांग रस्त्यावर गेलेली असे. नोट मूळ निघाली की काका आपल्या खिशातली तेवढ्याच किमतीची नोट गल्ल्यात टाकून ती ठेवून घेत. हिशेबात एका पैशाचा फरक नसे, त्यामुळे साहेबांना कारवाईही करता येईना. शेवटी त्यांना लॉकरच्या खोलीत बसवलं. तिथे चाव्यांना क्रमांक होते.

काकूंना हे सगळं लग्नाआधी ठाऊक नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी आहेराची पाकिटं उघडली, तेव्हा कळलं. १०१ आणि २५१ची पाकिटं त्यांनी डोक्याला लावली. ५०१ला तोंड वाकडं केलं, "तिनानं फुटतं." ते तोंड आजही वाकडंच आहे. आपल्याकडे शुभकार्यात रकमेवर एक रुपया जास्त ठेवायचा, तो रक्कम वाढती राहावी म्हणून. काकांचं म्हणणं, रुपया ठेवण्यामागचा विचार ठीक आहे, पण पुढे कुणी भागाकार करून बघितला नाही. "१००१ म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. तीन तुकडे! नव्या जोडप्याच्या हातात पहिल्याच दिवशी तीन तुकडे द्यायचे?" म्हणून काका १००९ देतात. चार आकड्यांतली ती पहिली मूळ संख्या. मागे एका लग्नात आहेराची वही धरून बसलेल्या मुलीकडच्या मामांनी पाकीट उघडलं, पैसे दोनदा मोजले आणि "घाईत जास्त गेले वाटतं" म्हणून आठ रुपये परत केले. काका जेवायला न बसता घरी आले.

खरं म्हणजे १००१वर त्यांचा राग नाही, उलट त्यावर त्यांचा आवडता खेळ उभा आहे. समोरच्याला म्हणायचं, कुठलाही तीन आकडी नंबर सांग. त्यानं ५८६ म्हटलं की तोच पुन्हा शेजारी लिहायचा, ५८६५८६. याला सातानं भागा, ८३७९८. त्याला अकरानं, ७६१८. त्याला तेरानं, आणि पुन्हा ५८६ हजर. नंबर कुठलाही घ्या, हेच होणार. शेजारी शेजारी दोनदा लिहिणं म्हणजे हजार-एकानं गुणणंच. पूर्वी लोक तोंडात बोट घालायचे. हल्ली काकांनी "तीन आकडी नंबर सांग" म्हटलं की लोक पाकीट घट्ट धरतात. सहाव्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा तर स्पष्टच म्हणाला, "काका, कार्डामागचे तीन आकडे कुणालाही सांगायचे नसतात. तुम्हाला कुणी हे करायला लावतंय का? पोलिसांत जाऊ या का?"

काकांनी त्याला तिथेच पायरीवर बसवलं. म्हणाले, "अरे, तुझ्या बँकेचं कुलूप कशावर चालतं ते तरी माहीत आहे का? दोन भल्यामोठ्या मूळ संख्या घ्यायच्या आणि गुणायच्या. गुणाकार पोरसुद्धा करील. पण तो गुणाकार एकट्याला हातात देऊन 'याचे अवयव काढ' म्हटलं की भल्याभल्यांचे संगणक पंखे फिरवत बसतात. त्यातल्या नेहमीच्या कुलपाची संख्या ६१७ आकडी असते, आणि ६१७ ही स्वतः मूळ!" मुलाला पहिला भाग ठाऊक होता, तो त्याचाच धंदा. दुसरा नव्हता. त्यानं फोनवर तपासून बघितलं, आणि तेव्हापासून तो काकांना पाहिलं की जिन्यानं जातो.

एकदा प्रकरण याच्याही पुढे गेलं. काका संध्याकाळी रिक्षा स्टँडवर उभे राहून रिक्षांचे नंबर वहीत उतरवतात. मराठीत "आकडा" या शब्दाला दुसरा अर्थ आहे आणि तो स्टँडवर जास्त चालतो. पानाच्या टपरीवरच्या एकानं चार दिवस निरीक्षण केलं, पाचव्या दिवशी जवळ येऊन हळूच विचारलं, "काका, आज काय?" काका त्या वेळी एका नंबराशी झुंजत होते. वर न बघता म्हणाले, "सात. सातच. शंकाच नाही." दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ पावशेर पेढे घेऊन थेट घरी. काकांनी मोठ्या मायेनं त्याला बसवून घेतलं. सातानं भाग गेल्याचा आनंद वाटून घेणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. काकूंनी पेढे ठेवून घेतले आणि माणूस घालवून दिला.

अंकज्योतिषवाल्यांशी मात्र त्यांचं अजिबात जमत नाही. ५०४वाल्यांनी नव्या गाडीसाठी जादा पैसे भरून बेरीज नऊ येणारा नंबर घेतला आणि काकांना कौतुकानं दाखवायला नेला. काकांनी पाटीकडे पाहिलं. "बेरीज नऊ म्हणजे नवानं भाग जातो. बास. दर नऊ गाड्यांमागं एकीचा जातो. पैसे कशाचे घेतले?" ५०४वाले म्हणाले, नऊ म्हणजे मंगळ. काका म्हणाले, "नऊ म्हणजे तीन त्रिक."

मोठी संख्या ही काकांची खरी दुखरी नस. लहान संख्यांशी ते बोलतात, हसतात. मोठ्या संख्येपुढे चपला काढतात. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. (या वेळी स्वतःच्या पैशांचे.) "अमेरिकेत झाली," एवढंच सांगत होते. आम्ही सगळ्यांनी मुलगी झाली म्हणून अभिनंदन केलं; दोघींनी तर काकूंना झबली-टोपरी कधी पाठवणार म्हणून विचारलं. काकांना मुलगा एकच, तो भांडुपला असतो आणि त्याची मुलं कॉलेजात आहेत. अमेरिकेत झाली होती ती तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या, दोनाचा १३,६२,७९,८४१वा घात उणे एक. लांबी चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस आकडे. "अजून नीट बघितलीसुद्धा नाही," काका हळवे होऊन म्हणाले.

डोंबिवलीत काकांनी जागा का घेतली याचंही एक कारण आहे. बाकीच्यांनी घेतली ती परवडली म्हणून. काकांनी घेतली ती डेम्लो संख्यांमुळे. द. रा. कापरेकरांना १९२३ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, ज्या संख्यांची कल्पना सुचली, त्यांना त्यांनी जीआयपी रेल्वेवरच्या स्टेशनाचं नाव दिलं: डेम्लो, म्हणजे आताचं डोंबिवली. नऊ वेळा एक लिहा आणि त्याचा वर्ग करा, १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. चढून जाऊन उतरून येणारी ती डेम्लो. आता मला सांगा, डोंबिवली स्टेशनात माणसाला काय सुचतं? बॅग पोटाशी घ्यावी एवढंच. कापरेकरांना संख्या सुचल्या. काका रोज फलाटावर उतरले की वाकून जमिनीला हात लावतात. मागून येणारी गर्दी त्यांना देवभोळे समजते आणि ढकलत पुढे नेते.

कापरेकरांचं नाव निघालं की ते जरा कडवटही होतात. देवळालीच्या शाळेत शिकवणारा मास्तर, मोठी पदवी नाही, म्हणून इथल्या शहाण्यांनी त्यांच्या संख्यांना पोरखेळ म्हटलं. १९४९मध्ये त्यांनी ६१७४चा चमत्कार सांगितला. जगानं दखल घेतली ती १९७५मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा. "सव्वीस वर्षं," काका म्हणतात, आणि लगेच, "दोन गुणिले तेरा." रागातसुद्धा हात सुटत नाही.

आता गणपतीची गोष्ट.

आमच्या सोसायटीत गणपतीत एक संध्याकाळ विविध गुणदर्शनाची असते. काका आजवर फक्त वर्गणीची पावती घेत (तिचा क्रमांक बघून, कधीकधी पुढची मागून). परवाच्या वर्षी ते सेक्रेटरींकडे गेले आणि म्हणाले, "माझाही एक कार्यक्रम धरा."

"तुमचा? काय करणार?"

"गुणदर्शनच. गुणाकार."

सेक्रेटरी भले माणूस आहेत, शिवाय त्यांना ज्येष्ठ नागरिकांचा एक कार्यक्रम हवाच होता. त्यांनी दहा मिनिटं दिली. काकांची अट एकच: मी बोलणार नाही, फळा द्या.

न बोलण्यामागे इतिहास होता. मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६४४मध्ये एक यादी दिली: दोनाचे अमुक अमुक घात घ्या, एक वजा करा, मूळ संख्या मिळेल. यादीत सदुसष्ट होता. सव्वादोनशे वर्षं कुणाला त्यात खोट काढता आली नाही. १८७६मध्ये एदुआर ल्युका या गणितज्ञानं सिद्ध केलं की ही संख्या फुटते, पण कुठे फुटते ते त्यालाही सांगता येईना. चोरी झाल्याचं ठरलं, चोर नाही. मग ऑक्टोबर १९०३मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक उठले. एक शब्द न बोलता त्यांनी फळ्याच्या एका बाजूला दोनाचा सदुसष्टावा घात काढला, त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला दोन संख्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. ही हकिगत एरिक टेंपल बेल यांनी लिहून ठेवली आहे; हे अवयव शोधायला किती वेळ लागला असं विचारल्यावर कोल म्हणाले होते म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

काकांनी ही गोष्ट काकूंना लग्नानंतर साधारण दरवर्षी एकदा सांगितली आहे. काकूंचा प्रश्नही दरवर्षी तोच: "आणि भाजी कोण आणत होतं?"

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदन करणारी मुलगी कागद वाचत म्हणाली, "यानंतर सादर होत आहे, 'दोनाचा सदुसष्टावा घात'!" मागच्या खुर्च्यांवरचे लोक पुढे सरकले. घात म्हटल्यावर निदान एक खून असणार. काका मंचावर आले. धोतर, कोट, टोपी. फळ्याकडे वळले, आणि आमच्याकडे पाठ ती शेवटपर्यंत पाठच.

डाव्या बाजूला त्यांनी बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांच्या त्या प्रसिद्ध संख्येहून एकानं मोठी संख्या आठवणीनं लिहिली, दोनाचा चौसष्टावा घात: १८४४६७४४०७३७०९५५१६१६. तिला आठानं गुणलं, एक वजा केला. आलं १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस आकडे. जुन्या मोजणीत परार्धापर्यंतच नावं आहेत. ही संख्या पावणेपंधराशे परार्धांच्या घरात जाते. खाली दोन रेघा मारल्या.

मग उजवी बाजू. वर ७६१८३८२५७२८७, खाली १९३७०७७२१. दिसायला नऊ ओळींचा गुणाकार, पण मी आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकला होता की मलाही पाठ झाला होता. एकची ओळ म्हणजे वरचाच आकडा, ती दोनदा येते. सातची ओळ एकदाच करायची, ५३३२८६७८०१००९, आणि ती तीन ठिकाणी उतरवायची. शून्याची सोडून द्यायची. म्हणजे खरी मेहनत फक्त दोन, सात, तीन आणि नऊची. काका ओळी पायऱ्यापायऱ्यांनी डावीकडे सरकवत उतरत होते. दहा मिनिटं संपली. मागे ध्वनिवाल्यानं, काहीतरी बिघडलंय असं समजून, सनई लावली.

बेरीज सुरू झाली. काका उजवीकडून एकेक उभं घर करत आले. नववं घर सगळ्यांत जड: आठ, सात, सात, आठ, एक, आठ, आठ, सात, चोपन्न, मागचे हातचे दोन, छप्पन्न. त्यांनी सहा मांडला आणि पुढे सरकले. शेवटचा एक लिहून झाला. संपलं, असं वाटून काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

पण काका रोखपाल होते. रोखपाल रक्कम मोजली की पुन्हा मोजतो. त्यांनी नवाचा ताळा घेतला. खालच्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ३७, नवानं भागून बाकी एक. वरच्या संख्येची ६४, बाकी एक. एक एके एक. म्हणजे उत्तराचीही बाकी एकच यायला हवी. काका उत्तराचे एकवीस आकडे बोट ठेवत मोजत गेले आणि कोपऱ्यात त्यांनी बेरीज लिहिली: १०८.

पहिल्या रांगेत सगळ्या आज्या. "एकशे आठ!" एक जण म्हणाल्या, आणि सगळ्यांचे हात जोडले गेले. "बघा, कसं बरोबर आणलं शेवटी. गणपतीचीच कृपा." मागून कुणीतरी मंगलमूर्तींचा जयघोष केला आणि सगळ्या मंडपानं मोरया म्हटलं.

काका मात्र फळ्यापुढे खिळून राहिले होते. एकशे आठला नवानं भागलं की बाकी शून्य. कुठेतरी हातचा राहिला होता. एकवीस घरांत, आठ ओळींत, पावणेपंधराशे परार्धांत कुठेतरी एक. त्यांची मान खाली गेली, मग बोट फळ्यावर उजवीकडून पुन्हा फिरायला लागलं, आणि ते थरथरत होतं. बोलायचं नाही ही अट त्यांची स्वतःचीच. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्याकडे हसण्यासाठीच पाहत आलो होतो. त्या पाठीकडे बघून मला हसू आलं नाही.

विंगेत पुढच्या नाचातला उंदीर तयार उभा होता. तिसऱ्या मजल्यावरची सहावीतली मुलगी, राखाडी कापडाचे कान, मागे सुतळीची शेपटी. लिफ्टमध्ये काकांनी जिचे सर्वांत जास्त अवयव काढलेत तीच ही. ती दोन पावलं मंचावर आली, नवव्या घरावर बोट ठेवून म्हणाली, "काका, छप्पन्न ना? हातचे पाच. तुम्ही चारच घेतलेत."

काकांनी घर पुन्हा मोजलं. छप्पन्न. उजवीकडून दहाव्या घरातला आठ तळहातानं पुसला, तिथे नऊ लिहिला. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. डावीकडचं उत्तर आणि उजवीकडचं उत्तर आकड्याला आकडा. कोपऱ्यातला १०८ खोडून १०९ केला. (आज्यांच्या रांगेत थोडी नाराजी पसरली.) मग वळून त्यांनी आधी उंदराला नमस्कार केला, नंतर आम्हाला, आणि एक शब्द न बोलता जाऊन काकूंच्या शेजारी बसले. काकूंनी पिशवीतून रुमाल काढून त्यांच्या कोटावरचा खडू झटकला.

"भाजी उद्या आणा," त्या म्हणाल्या.

टाळ्या बऱ्याच पडल्या, पण त्या उंदराला.

पुढच्या वार्षिक सभेआधी सोसायटीचा छापील अहवाल घरोघरी आला. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांच्या यादीत कोळीनृत्य आणि 'मूषकराज' यांच्या मध्ये एक ओळ आहे: 'अवयवदान: जनजागृतीपर मूकनाट्य. सादरकर्ते, रहिवासी, ७०१.' मी तो अहवाल घेऊन रागारागानं काकांकडे गेलो. त्यांनी ओळ वाचली, मान डोलावली, आणि छपाईत एकही चूक नाही म्हणाले. ७०१ बरोबर छापलं होतं.